ग्रीक नगरराज्यं आणि चार पुरुषार्थ : सदाशिव पेठेतला रविवारचा वर्ग

अथेन्स आणि पुरुषार्थ एका जाहिरातीत बघितलं की वाटतं आता 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' सुरू होणार, पण इथे तसं अजिबात झालं नाही म्हणून आवर्जून लिहितेय.

मॅडमची तयारी जबरदस्त. अथेन्समध्ये ज्युरी चिठ्ठ्या टाकून निवडायचे ते दाखवायला पुठ्ठ्याचं मॉडेल करून आणलेलं, खाचांमध्ये आमच्या नावांच्या पट्ट्या, बाजूच्या नळीतून गोट्या सोडायच्या, पांढरी पडली की ती अख्खी आडवी ओळ कोर्टात आणि काळी पडली की घरी. इ.स.पू. ५०८ च्या अथेन्सच्या क्लिस्थेनिस या नेत्याच्या लोकशाही सुधारणा, ५०० जणांची बुले म्हणजे नगराची कारभारी परिषद, हे पुस्तकात वाचून कधी डोक्यात राहिलं नव्हतं, इथे राहिलं.

सगळ्यात भारी तास अ‍ॅरिस्टॉटलचा. तो म्हणतो नगराशिवाय जगू शकणारा एकतर पशू नाहीतर देव, आणि आपल्याकडे तर घरदार, गाव सोडून निघालेल्या संन्याशाच्या आपण पाया पडतो! म्हणजे चांगलं आयुष्य चारचौघांत राहून, कारभारात भाग घेऊन मिळतं का सगळं सोडून, हा खरा वाद. त्यात परत अ‍ॅरिस्टॉटलच शेवटी चिंतनाचं आयुष्य सर्वश्रेष्ठ म्हणतो, आणि आपल्याकडेही धर्म-अर्थ-काम हा त्रिवर्ग आधीचा, मोक्ष नंतर जोडला गेला, कौटिल्य तर सरळ अर्थच मुख्य म्हणतो, त्यामुळे ग्रीक इहलोकवादी आणि आपण मोक्षवादी अशी सोपी वाटणी टिकत नाही. शांतिपर्वात विदुर धर्माची बाजू घेतो, अर्जुन अर्थाची, भीम कामाची आणि नुकतंच राज्य जिंकलेला युधिष्ठिर मोक्षाची, तो भाग वर्गात वाचून घेतला तेव्हा खरंच अंगावर काटा आला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) भांडारकर संस्थेत, आपल्याच पुण्यात तयार झाली याचा अभिमान वाटलाच.

स्पार्टा हे दुसरं ग्रीक नगरराज्य घाईत उरकलं, ठीक आहे. पण अथेन्सच्या सभेत बायका, गुलाम, परदेशी कुणालाच जागा नव्हती आणि आपल्याकडे मोक्षाचा अधिकार नेमका कुणाला होता, याला शेवटची पंधरा मिनिटं? हे मला पटलं नाही, यावर एक पूर्ण रविवार हवाच, तसं फीडबॅकमध्ये लिहून दिलंय.

फी परवडणारी, नोट्स मराठीत आणि नीट. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ज्येष्ठांनी आधी विचारून घ्या. पार्किंग विसरा, बसनेच या. पुढच्या बॅचला आईला घेऊन जाणार आहे.