पन्हाळा, खिद्रापूर की दाजीपूर? दोघांच्या आवडी जुळत नसतील तर कोल्हापूरहून कुठं जावं

जोडप्यांच्या सुट्टीची ठरलेली तडजोड अशी: सकाळी तुझ्या आवडीचं, दुपारी माझ्या आवडीचं. ऐकायला हे बरोबर वाटतं. प्रत्यक्षात सकाळी एकजण गाडीला टेकून मोबाइल चाळत उभा असतो आणि दुपारी दुसरा. दोघांच्याही वाट्याला निम्मा दिवस ताटकळणंच येतं. म्हणून ठिकाण निवडताना मी एकच गोष्ट बघते: एकाचं मन रमलेलं असताना दुसऱ्याला तिथंच करण्यासारखं काय आहे? ज्या जागेकडे याचं चांगलं उत्तर आहे, ती जागा दोघांची.

आमच्या घरातली ओढाताण सांगते. मला जुन्या वास्तू आणि कोरीवकाम हवं, हातात चित्रांची वही हवी. एका खांबासमोर बसले की वेळेचं भान राहत नाही. नवऱ्याला पायाखाली वाट लागते, डोक्यावर मोकळं आभाळ लागतं, आणि चालून झाल्यावर पोटभर चांगलं जेवण. तुमच्याकडे वहीच्या जागी कॅमेरा असेल, चालण्याच्या जागी पक्षी असतील किंवा देवदर्शन असेल. हिशेब तोच राहतो.

पन्हाळा सगळ्यांत जवळचा. शहरापासून वीसेक किलोमीटर, एसटी गडावर जाते, आणि वर वस्ती असल्यामुळे खाण्याराहण्याची सोय आहे. पण जवळ आहे म्हणून मी त्याला वरचं स्थान देत नाही. गड पसरलेला आहे, गाडी वर जाते, आणि वर गेल्यावर दमछाक करणारी चढाई नाही, हे त्याचं खरं बळ. चालणाऱ्याने तटाच्या कडेनं सुटावं, बघणाऱ्याने एका जागी ठाण मांडावं, आणि दोघांनी तासाभरात पुन्हा भेटावं, हे इथं सहज जमतं.

तीन दरवाजाचंच बघा. दरवाजावरच्या फारसी शिलालेखापाशी आणि दगडातल्या नक्षीपाशी माझा वेळ मजेत जातो. जवळच अंधारबाव आहे. बाहेरून साधी दगडी इमारत वाटते, आत शिरलं की पायऱ्या अंधारात खाली उतरतात. बांधणी तीन मजली: तळाशी पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडण्याची चोरवाट, वर पहाऱ्याची जागा. वेढा पडला तरी पाण्यावर शत्रूचा हात पडू नये, म्हणून विहिरीलाच किल्ल्यासारखं बांधून काढलं. एरवी नुसत्या कोरीवकामाला कंटाळणारी माणसंही इथं रेंगाळतात, कारण ही वास्तू कशासाठी होती ते उभ्याउभ्या कळतं. अंबरखान्याचंही तसंच. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, त्यातलं गंगा कोठार सर्वांत मोठं. बाहेरच्या जिन्यानं छतावर जायचं आणि छताला ठेवलेल्या तोंडांतून धान्य आत ओतायचं, अशी ही व्यवस्था होती.

चालणाऱ्यासाठी राजदिंडी, म्हणजे गडावरून खाली उतरणारी वाट आहे. 1660 च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले ते इथून. पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती दरवर्षी पावसाळ्यात निघते, तिचा पुढचा टप्पा म्हणजे मसाई पठार. पूर्ण मोहीम दोन दिवसांची असते, ती या लेखाच्या बाहेरची. पण मसाई पठारापर्यंत गाडी जाते आणि पठार लांबच लांब सपाट आहे. पावसाळा सरताना तिथं रानफुलं येतात. चालायचा कंटाळा असलेलं माणूसही तिथं सहज तासभर चालतं, आणि चित्र काढणाऱ्याला जागेवर बसून करण्यासारखं भरपूर असतं. एक वेळ गडावर, एक वेळ मसाईवर, असा दिवस मला या सगळ्या पर्यायांत सर्वांत जास्त पटतो.

उणी बाजू म्हणजे गर्दी. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, पण गडावर त्याआधीही सुट्टीला उभं राहायला जागा नसायची. त्यातून रविवार हा जोतिबाचा वार. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला जाणारे भाविक आणि पन्हाळ्याला जाणारे हौशी, दोघंही वाघबीळच्या बाजूनं येतात. शनिवार मोकळा असेल तर शनिवारीच जा. रविवारीच जायचं असेल तर नाश्ता गडावर होईल अशा बेतानं घर सोडा.

खिद्रापूरबद्दल माझं मत झुकतं आहे, ते आधीच सांगते. शिरोळ तालुक्याच्या टोकाला, कृष्णेच्या काठी, कोल्हापूरहून साधारण साठ किलोमीटरवर कोपेश्वराचं देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पन्हाळ्यालाही शिलाहार राजा भोजाचंच नाव जोडलेलं आहे, पण तिथं त्या काळातलं शोधावं लागतं. इथं ते समोर उभं आहे. आधी लागतो स्वर्गमंडप: अठ्ठेचाळीस खांब आणि छताच्या मधोमध तेरा फुटांचा उघडा गोल. त्या गोलातून आलेलं ऊन दिवसभर जागा बदलत राहतं, कधी फरशीवर, कधी खांबाच्या अंगावर. खांबांचे काही थर गोल, काही चौकोनी, काही अनेक कोनांचे. आणि दगडाला इतकी झिलई की हात लावला तर कुठंही खरखर लागत नाही. बाहेरच्या भिंतीला खालून हत्तींची रांग आहे. पुष्कळ हत्तींच्या सोंडा फुटलेल्या आहेत, तरी पायांची ठेवण आणि पाठीवरची झूल अजून स्पष्ट दिसते. हे एवढं बघायलाच माझी सकाळ पुरत नाही.

आणि दुसऱ्याचं काय? चालणाऱ्यासाठी खिद्रापूर तोकडं आहे. उसाची शेतं, सपाट रस्ता, नदीचा काठ आणि गावातली जुनी जैन बस्ती म्हणजे जैन मंदिर, की झालं. नवऱ्याचा जीव इथं दीड तासाच्या वर रमत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पण तुमच्यातल्या एकाला देवदर्शनाची ओढ असेल आणि दुसऱ्याला कलेची, तर खिद्रापूरला तोड नाही. देऊळ पूजेतलं आहे. एकानं गाभाऱ्यात जावं, अभिषेक करावा. दुसऱ्यानं तेवढ्यात बाहेरची एक भिंत पुरती बघून घ्यावी. इथल्या गाभाऱ्यात शिवासोबत धोपेश्वर म्हणजे विष्णूही आहे, आणि समोर नंदी नाही. सती दक्षाच्या यज्ञाला गेली तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला. संतापलेल्या शंकराची समजूत विष्णूनं घातली, अशी कथा सांगतात. त्या नंदीचं ठिकाण कर्नाटकात येडूरला दाखवतात. एकाला कथा हवी असते, दुसऱ्याला शिल्प. इथं दोन्ही एकाच दगडात मिळतात.

खिद्रापूर एकट्यानं दिवस भरून काढत नाही, त्याला नृसिंहवाडी जोडावी लागते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ, बसायला घाट, आणि खाणाऱ्याची खरी चंगळ: बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. वाडीची वांगी मिळाली तर घरी नक्की न्या. गुरुवारी आणि पौर्णिमेला वाडीत पाऊल ठेवायला जागा नसते, एरवी शनिवार त्या मानाने निवांत. आधी खिद्रापूर, जेवायला वाडी, हा क्रम धरा. उलटा धरलात तर जेवणानंतरच्या सुस्तीत शिल्पं बघावी लागतात. स्वतःची गाडी असेल तर बरं. वाडीपर्यंत एसटीची सोय चांगली आहे, तिथून कुरुंदवाडवरून पुढे खिद्रापूरला जाताना मात्र वेळापत्रकावर विसंबावं लागतं.

दाजीपूरबद्दल थोडक्यातच सांगते. जंगल सुंदर आहे, राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. पण अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, सफारीसाठी भल्या पहाटे निघायचं, आणि मग दोघांनी एकाच जीपमध्ये गप्प बसून एकाच दिशेला बघायचं. गवा दिसला तर दिसला. ज्याला जंगलाची ओढ नाही त्याला इथं पळवाट नाही, आणि त्याची चुळबुळ दुसऱ्याचाही आनंद घालवते. दोघांनाही जंगल हवं असेल तरच जा, आणि तसं असेल तर मुक्काम करूनच जा. एकालाच हौस असेल तर राधानगरी धरणापाशी थांबणं जास्त शहाणपणाचं. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण, आणि पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे. यंत्रांची आवड असलेल्याला हे बघण्यासारखं आहे, शेजारी बसलेल्याला पाणी आणि डोंगर.

चौथा पर्याय शहर सोडून न जाण्याचा. कोल्हापुरातलीच माणसं तो मोजत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ज्या दोघांच्या आवडीत काहीच समान नाही त्यांच्यासाठी हाच सर्वांत सोयीचा आहे, कारण इथं वेगळं होऊन पुन्हा भेटायला रिक्षाचं भाडंही फारसं लागत नाही. सकाळी मिसळ एकत्र. मग एकानं टाऊन हॉलच्या संग्रहालयात जावं. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची काशाची छोटी मूर्ती तिथं आहे. पंचगंगेच्या काठावरच्या या गावाचा रोमन जगाशी व्यापाराच्या वाटेनं संबंध होता याची ती खूण. तेवढ्या वेळात दुसऱ्यानं महाद्वार रोडला खरेदी करावी, चप्पल लाईनमध्ये कापशी घालून बघावी, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज बघावा. दुपारी तांबडा-पांढरा. चित्रांची आवड असेल तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय चुकवू नका, तिथली निसर्गचित्रं सावकाश बघण्यासारखी आहेत. कुस्तीचा शौक असेल तर शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे, पण तिथं कुस्त्या लागल्या असतील तरच जाण्यात मजा. संध्याकाळी रंकाळा, रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध. संग्रहालयं सोमवारी बंद असतात, शनिवार-रविवारी अडचण नाही.

आता निवड. एकाला चालायचंय आणि एकाला बघायचंय: पन्हाळा आणि मसाई. एकाला देव आणि एकाला शिल्प, किंवा एकाला शिल्प आणि एकाला खाणं: खिद्रापूर आणि वाडी. एकाला बाजार आणि एकाला संग्रहालय: शहरातच राहा. दोघांनाही जंगल: दाजीपूर. पन्हाळा आणि खिद्रापूर एकाच दिवशी करण्याच्या भानगडीत पडू नका. एक वायव्येला, एक पूर्वेला, आणि दोन्हीकडे धावाधाव झाली की दोघांचाही दिवस जातो.

ऋतूचा हिशेब वेगळा. पावसाळ्यात दाजीपूरची सफारी बंद असते, आणि कृष्णा-पंचगंगेला पूर असेल तर वाडी-खिद्रापूरचा विचारच सोडा, रस्ते पाण्याखाली जातात. त्या दिवसांत धुक्यातला पन्हाळा चालेल, नाहीतर राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा किंवा गगनबावडा. पण तिथं एकाला भिजायचं असेल आणि दुसऱ्याला नसेल तर भांडण ठरलेलं, म्हणून आदल्या रात्रीच विचारून घ्या. मार्च ते मे खिद्रापूरला सकाळी आठच्या आत पोचा. स्वर्गमंडपात दगड अजून गार असतो, आणि अकरानंतर बाहेरच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही.