फिल्ममेकर मोड: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या टीव्हीच्या मेनूमध्ये चित्राचे नऊ मोड आहेत आणि त्यांतले बहुतेक मी गेल्या वर्षभरात एकदाही उघडलेले नाहीत. चित्रपट पाहायचा असला की मी 'फिल्ममेकर मोड' लावतो. हे परीक्षण त्या एका सोयीचे आहे, टीव्हीचे नव्हे. कारण ही सोय आता अनेक कंपन्यांच्या टीव्हींवर मिळते आणि तरीही ती मेनूच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर दडलेली असल्यामुळे बहुतेकांच्या हाताला लागत नाही.

नवा टीव्ही खोक्यातून बाहेर येतो तेव्हा तो साधारणपणे 'स्टँडर्ड' मोडमध्ये असतो आणि दुकानात पाहताना 'व्हिव्हिड'मध्ये. व्हिव्हिडचा हेतू एवढाच, की लख्ख उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा. त्यासाठी पांढऱ्यात निळसर झाक मिसळली जाते, रंग गडद केले जातात, कडा कोरल्यासारख्या केल्या जातात आणि दोन फ्रेमच्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांच्या, मध्ये टीव्ही स्वतःच्या कल्पनेने नव्या फ्रेम घालतो. चित्रपट मात्र बोलपटांच्या सुरुवातीपासून सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चालत आले आहेत आणि आपल्या डोळ्यांना 'सिनेमा' म्हणून जे जाणवते त्यात या वेगाचा मोठा वाटा आहे. मधल्या फ्रेम भरल्या, की कोट्यवधी खर्चून चित्रित केलेला प्रसंग दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांच्यासह एक व्हिडिओ प्रसिद्ध करून प्रेक्षकांना मधल्या फ्रेम भरण्याची ही करामत बंद करण्याची विनंती केली होती. अडचण अशी, की प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिले आहे: कुठे 'ट्रूमोशन', कुठे 'मोशनफ्लो', कुठे 'ऑटो मोशन प्लस'. बंद करायचे तरी काय, हेच सामान्य माणसाला कळत नाही.

२०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओंच्या संघटनेने फिल्ममेकर मोड जाहीर केला तो या गोंधळावरचा उतारा म्हणून. मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्याला पाठिंबा दिला होता. टीव्ही कोणत्याही कंपनीचा असला तरी मोडचे नाव तेच राहते आणि तो लावला की मधल्या फ्रेम घालणे, कडा कोरणे, चित्रातला फिल्मचा बारीक रवाळपणा 'स्वच्छ' करणे हे सारे बंद होते, चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत आणि पांढरा रंग डी६५ या मानकावर येतो, म्हणजे पांढऱ्याची छटा मोजण्याच्या केल्व्हिन या एककात सुमारे ६५०० वर. चित्रपटाची रंगसंगती ठरवणारा तंत्रज्ञ घरगुती आवृत्तीसाठी ज्या पडद्यासमोर बसतो, त्याचा पांढराही हाच असतो.

पहिल्या रात्री मात्र निराशाच झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आईने दोन मिनिटे पाहून विचारले, "हे सगळं पिवळं का दिसतंय?" आणि मलाही तसेच वाटत होते. वर्षानुवर्षे निळसर पांढरा पाहिलेल्या डोळ्यांना खरा पांढरा पिवळा वाटतो, एवढेच त्याचे कारण. मी चार-पाच दिवस मोड बदलायचा नाही असे ठरवले. सहाव्या दिवशी मुद्दाम स्टँडर्ड लावून पाहिले, तेव्हा बर्फाच्या डोंगरावर कुणी नीळ ओतल्यासारखी दिसली आणि माणसांचे चेहरे मेणाचे.

त्यानंतर जे दिसले त्यासाठी ही खटपट करावी. रात्रीच्या एका प्रसंगात काळा कोट घातलेला माणूस अंधाऱ्या भिंतीला टेकून उभा आहे. पूर्वी कोट आणि भिंत मिळून एकच डाग दिसत असे. आता कोटाच्या कॉलरची घडी, बटणावरचा बारीक उजेड आणि भिंतीचा खरखरीतपणा असे तीन वेगळे काळे दिसतात. अर्थात खोलीत अंधार असेल तरच. साध्या, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधारातला अधिक मोठा फरक दाखवणारे चित्र) नसलेल्या, चित्रपटांची तयारी सुमारे १०० निट (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद पडद्यावर आणि अंधुक खोलीत होते, त्यामुळे दुपारी पडदे उघडे ठेवून हा मोड लावला तर चित्र निस्तेज दिसणारच. अशा वेळी मोड न बदलता फक्त पडद्याचा उजेड वाढवावा.

इथे नावांचा आणखी एक घोळ आहे. काही टीव्हींवर 'ब्राइटनेस' म्हणजे पडद्याचा उजेड, तर काहींवर त्याच नावाचा आकडा काळ्या रंगाची पातळी बदलतो. ओळखायचे कसे? रुंद चित्रपटाच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्यांकडे पाहावे. आकडा वाढवताना त्या पट्ट्याच धुरकट होऊ लागल्या, तर आपण चुकीच्या जागी हात घातला आहे.

तक्रारी दोन. पहिली, लांबलचक आडव्या दृश्यात, जिथे कॅमेरा संथपणे वळतो, चित्र किंचित अडखळते. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या, पडद्यावर २४ फ्रेम समान बसत नाहीत. एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा येते, तरी झगझगीत पडद्यावर थोडा अडखळा जाणवतोच. मी त्यासाठी गुळगुळीतपणाचा आकडा दहापैकी एकवर ठेवला आहे. दिग्दर्शकांनी क्षमा करावी. दुसरी तक्रार वीजबचतीची. एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती आपोआप सुरू झाली आणि रात्रीचे प्रसंग दिसेनासे झाले. ग्राहकसेवेतल्या माणसाने शांतपणे व्हिव्हिड लावण्याचा सल्ला दिला. वीजबचत आणि खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर या दोन्ही गोष्टी चित्राच्या मेनूत नसून भलत्याच ठिकाणी असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

शिवाय टीव्ही साध्या चित्रासाठी, एचडीआरसाठी आणि डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकारासाठी वेगवेगळी सेटिंग लक्षात ठेवतो आणि अनेकदा प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठीही. हे मला गेल्या महिन्यात कळले, तेही डिस्क प्लेअर दुसऱ्या जोडणीत लावल्यावर. चित्रपट सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते, तोच आई म्हणाली, "आज परत निळं झालंय बघ."