'आर.यू.आर.'चा अभ्यासवर्ग: चापेक नीट, मार्क्स घाईत

कारखान्यात घडवलेली कृत्रिम माणसं, म्हणजे रोबो, माणसांविरुद्ध बंड करतात, ही चेक नाटककार कारेल चापेकच्या १९२०च्या 'आर.यू.आर.' नाटकाची गोष्ट. त्याचं मार्क्सवादी वाचन करणारा सोलापुरातला हा वर्ग जाण्यासारखा आहे. नाटकाचा प्रवेशक आणि तिन्ही अंक वाचूनच जा, नुसत्या सारांशावर निभावत नाही.

जमलेला भाग बुसमानचा, म्हणजे रोबोंच्या कारखान्याचा व्यापार सांभाळणाऱ्याचा. उत्पादन संचालकाच्या नव्हे, मागणीच्या हातात असतं, हा त्याचा बचाव मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडातल्या क्रयवस्तूंच्या (विक्रीसाठी बनवलेल्या मालाच्या) विवेचनाशेजारी ठेवून वाचतात. यंत्रमागाच्या गावात हे चटकन उमगतं.

घोळ होतो तो बंडापाशी. रोबोंना (ते लोखंडी नाहीत, बरं का) सरळ कामगारवर्ग ठरवलं, की हातानं काम करतो म्हणून रोबोंनी जिवंत ठेवलेला एकमेव माणूस अल्क्विस्ट कुठेच बसत नाही. आपण कम्युनिस्ट का नाही, हे चापेकनं १९२४ साली लिहिलंय. तो लेख अभ्यासातून गाळणं ही चक्क पळवाट आहे.