मालवणच्या हॉटेलातील वॉक-इन कूलर: नव्या यंत्रणेवर पावसाळा, दिवाळी आणि वैशाख काढल्यानंतर

मागच्या वर्षी मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत, आमच्या मालवणमधील हॉटेलच्या वॉक-इन कूलरची, म्हणजे आत चालत जाता येईल अशा शीतखोलीची, कूलिंग यंत्रणा पूर्ण बदलली. खोली तीच ठेवली. कॉम्प्रेसर, बाहेरचे युनिट, आतली कॉइल, तांब्याच्या नळ्या आणि कंट्रोलर हे सर्व नवे घेतले. त्यानंतरचा धुवाधार पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळी-नाताळातील पर्यटकांची गर्दी आणि आताचा वैशाख एवढे सर्व या यंत्रणेने पाहिले आहे. मी तिच्यावर समाधानी आहे. मात्र या समाधानाचे मोठे श्रेय मी यंत्राच्या नावाला देत नाही. ते जोडणीच्या पद्धतीला, आतल्या कॉइलच्या आकाराला आणि बाहेरच्या युनिटच्या जागेला जाते, आणि कोटेशन मागवताना या तीन गोष्टींविषयी विक्रेत्याकडून सहसा एक ओळही लिहून येत नाही.

आमची खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच असून भिंती ६० मिलिमीटर जाडीच्या पफ (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या) पॅनेलच्या आहेत. तीत बर्फात दाबलेले सुरमई, पापलेट, बांगडे आणि कोळंबी यांचे क्रेट, भाजी, दूध-दही, वाटणे, आंबवलेले पीठ आणि सोलकढीचे डबे असतात. गोठवलेला माल वेगळ्या डीप फ्रीझरमध्ये जातो. जुनी यंत्रणा आर-२२ या गारवा आणणाऱ्या वायूवर चालणारी होती आणि शेवटच्या दोन उन्हाळ्यांत ती दिवसभर न थांबता चालूनही दुपारच्या जेवणावळीच्या वेळी तापमान आठ-नऊ अंशांवर जात असे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार थंड ठेवायचे पदार्थ ५ अंश सेल्सियसला किंवा त्याखाली असावे लागतात, त्यामुळे माशांवर बर्फाच्या लाद्या फोडून टाकत राहण्याखेरीज उपाय नव्हता. कूलर असूनही बर्फाचा खर्च वाढत होता.

सुरुवातीला आलेल्या बहुतेक मेकॅनिकांचा सल्ला एकच होता: कॉम्प्रेसर दुरुस्त करून घ्या किंवा तेवढाच नवा बसवा. वरवर पाहता हा स्वस्त मार्ग वाटतो, पण जुन्या जोडणीत नवा कॉम्प्रेसर बसवण्यात दोन अडचणी असतात. पहिली अशी की, कॉम्प्रेसरच्या मोटरचे वाइंडिंग जळते तेव्हा तेलात आम्ल तयार होते आणि ते नळ्यांमध्ये व कॉइलमध्ये राहून जाते. नळ्या नीट धुऊन, सक्शनच्या, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या वायूच्या, बाजूला आम्ल शोषणारा ड्रायर बसवून आणि तेलाची चाचणी घेऊनच पुढे जायला हवे, आणि एवढे सगळे कोणी करताना मी पाहिलेले नाही. दुसरी अडचण तेलाची. आर-२२ च्या यंत्रात खनिज तेल असते, तर आर-४०४ए सारख्या नव्या वायूंना पॉलिओल एस्टर तेल लागते. शिवाय आर-४०४ए चा दाब आर-२२ पेक्षा जास्त असतो आणि आमची बाहेरची कॉइल तर बोटाने दाबली तरी तिच्या अल्युमिनियमच्या पात्यांची पूड व्हावी अशा अवस्थेत होती. खारा वारा वर्षानुवर्षे खाल्लेल्या त्या कॉइलवर नवा कॉम्प्रेसर जोडणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले चढवण्यासारखे झाले असते.

आतल्या कॉइलचे दुखणे मात्र समुद्राचे नव्हते, स्वयंपाकघराचे होते. गॅस पुन्हा पुन्हा का कमी होतो याचा शोध घेतला तेव्हा आतल्या कॉइलच्या तांब्याच्या वळणांवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे सापडली. आंबवलेले पीठ, दही, व्हिनेगर, आगळ यांसारख्या आंबट पदार्थांचे डबे उघडे राहिले की त्यांतून निघणारी सेंद्रिय आम्लांची वाफ कॉइलवरच्या दवात विरघळते आणि तांबे हळूहळू पोखरते. मुंग्यांनी वारूळ करावे तशा बारीक, वाकड्यातिकड्या वाटा धातूच्या आत तयार होतात, त्यामुळे एक छिद्र बुजवले तरी शेजारी दुसरे उघडते. म्हणून नवी कॉइल इपॉक्सीचा थर दिलेली घेतली आणि आंबट पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यांतच ठेवण्याचा नियम स्वयंपाकघरात लावला. या दोन्हींपैकी नियमाचा उपयोग जास्त आहे असे मला वाटते, कारण थर कितीही चांगला असला तरी जोडाच्या ठिकाणी तो निघतोच.

वायूची निवड हा सर्वांत जास्त वेळ घेणारा प्रश्न ठरला. आर-२२ हा ओझोनच्या थराला बाधक असल्याने माँट्रियल करारानुसार भारतासारख्या देशांत त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपायचा आहे. त्यानंतर २०४० पर्यंत केवळ दुरुस्तीपुरता थोडासा वाटा उरेल. त्यामुळे तो विषय संपला होता. आर-४०४ए ओझोनला धोकादायक नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट आहे, म्हणजे आर-२२ च्या १,८१० पेक्षा दुपटीहून अधिक. युरोपात २०२० पासून अशा नव्या स्थिर यंत्रांवर बंदी आहे, आणि भारतानेही २०२१ मध्ये माँट्रियल करारातील किगाली दुरुस्ती स्वीकारली असून २०२८ पासून या गटातील वायूंच्या वापराला मर्यादा येईल व २०३२ पासून प्रत्यक्ष कपात सुरू होईल. आर-४४८ए आणि आर-४४९ए या मिश्रणांची क्षमता १,४०० च्या आसपास आहे, पण आमच्या भागात मध्यरात्री गॅस लागला तर त्यांचा सिलिंडर मिळण्याची खात्री मला कोणी दिली नाही. शेवटी आर-४०४ए घेतला, मात्र कॉम्प्रेसर असा निवडला की निर्मात्याच्या तक्त्यात तो दोन्ही प्रकारच्या वायूंसाठी मान्य असेल. ही तडजोड आहे आणि मोठ्या शहरातील हॉटेलवाल्याने ती करावी असे मी सुचवणार नाही. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, पर्यावरणाच्या दृष्टीने उत्तम असला तरी तो ज्वलनशील आहे आणि एवढ्या मोठ्या खोलीला लागणारा त्याचा साठा हाताळणारा प्रशिक्षित माणूस जवळपास नव्हता.

कॉम्प्रेसर कोपलँडचा घेतला. किर्लोस्कर कोपलँडच्या दिवसांपासून सातारा-कऱ्हाडच्या बाजूला या यंत्रांचे उत्पादन होत आल्यामुळे कोल्हापूरपर्यंत सुटे भाग आणि जाणकार माणूस दोन्ही मिळतात, एवढेच त्यामागचे कारण आहे.

यंत्र मागवण्याआधी खोलीची तपासणी करून घेतली, आणि हा टप्पा कोणीही गाळू नये. पॅनेलच्या बाहेरच्या बाजूला पहाटे घाम येत असेल तर आतला पफ ओला झाला आहे असे समजावे, कारण पाणी शिरलेल्या पफमध्ये उष्णता अडवण्याची ताकद राहत नाही आणि मग कितीही टनांचे यंत्र लावले तरी ते बाहेरच्या हवेशी झुंजत राहते. आमच्या भिंती कोरड्या निघाल्या, पण दाराजवळचे फरशीखालचे पॅनेल भिजलेले होते. ते काढून नवे टाकले, दाराचे रबर बदलले आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा नव्याने लावला. त्यानंतरच भाराचा हिशेब केला. एका विक्रेत्याने अडीच टनांचे यंत्र सुचवले होते. हिशेबात दीड टन पुरेसे निघाले. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली चटकन थंड करून बंद पडते, पुन्हा लगेच सुरू होते, आणि या चालू-बंदीत कॉम्प्रेसर झिजतो व हवेतला ओलावाही नीट निघत नाही.

जोडणीच्या वेळी मी आग्रहाने धरलेल्या गोष्टी कंत्राटदाराला सुरुवातीला जाचक वाटल्या. ब्रेझिंग करताना, म्हणजे नळ्यांचे जोड तापवून सांधताना, नळीतून नायट्रोजन वाहता ठेवायचा, म्हणजे आत काजळी धरत नाही. नंतर नायट्रोजनच्याच दाबाखाली यंत्रणा रात्रभर ठेवायची आणि सकाळी काटा हलला नाही ना ते पाहायचे. व्हॅक्यूम मात्र साध्या गेजवर न मोजता मायक्रॉन गेजवर मोजायचा आणि ५०० मायक्रॉनच्या खाली आल्यावर पंप बंद करून तो टिकतो का ते तपासायचे. साध्या गेजचा काटा अर्ध्या तासात खाली टेकतो आणि मेकॅनिक गॅस भरायला मोकळा होतो, पण नळ्यांतला ओलावा तेवढ्यात निघालेला नसतो. जून महिन्यातील कोकणच्या हवेत ही बाब आणखी नाजूक होते, कारण पॉलिओल एस्टर तेल ओलावा ओढून घेते. तेलाचा डबा किंवा कॉम्प्रेसरची तोंडे उघडी ठेवून चहाला जाणे परवडत नाही. काम संपल्यावर दोन्ही बाजूंचे दाब, सुपरहीट (कॉइलमध्ये उकळल्यानंतर वायू आणखी किती अंश तापतो तो आकडा) आणि तिन्ही फेजचे अँपिअर लिहिलेला कागद सही करून घेतला. पुढे काही शंका आली की त्या कागदाशी आजचे आकडे ताडून पाहता येतात, आणि आतापर्यंत त्यांत म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही.

बाहेरचे युनिट पूर्वी स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टशेजारी होते. तळणाची तेलकट गरम हवाच ते ओढत असे. आता ते समुद्राच्या वाऱ्याआड, मागच्या भिंतीलगत जांभ्याच्या चौथऱ्यावर, तीन बाजू मोकळ्या असलेल्या पत्र्याच्या शेडखाली आहे. नळीची लांबी वाढली, म्हणून सक्शनच्या नळीला उतार आणि चढावाच्या तळाशी तेलाचा ट्रॅप, म्हणजे तेल धरणारे वळण, द्यावे लागले व इन्सुलेशन जाड घ्यावे लागले. खर्च वाढला, पण कॉइल स्वच्छ राहिली. आठवड्याआड वीज बंद करून ती कमी दाबाच्या गोड्या पाण्याने धुतली जाते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी अनेकदा मचूळ असते, ते या कामाला वापरू नये.

आता वागणुकीकडे येतो. कंट्रोलर २ अंशांना बंद आणि ४ अंशांना चालू असा ठेवला आहे. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणारे तापमान हवेचे असते, मालाचे नसते. म्हणून मधल्या फळीवर पाण्याच्या बाटलीत बुडवलेला वेगळा थर्मामीटर ठेवला आहे आणि नोंद त्याचीच होते. नाताळच्या गर्दीत दार सतत उघडे-बंद होत असताना हवेचा आकडा सात अंशांवर गेला, तरी बाटलीतला चार-साडेचारच्या वर गेला नाही. आतली कॉइल मोठी घेतल्यामुळे ती हवेपेक्षा फार थंड होऊन चालत नाही, त्यामुळे कोथिंबीर आणि पालेभाजी पूर्वीसारखी वाळून कुरकुरीत होत नाही, आणि माशांवरचा बर्फही सकाळपर्यंत टिकतो.

पावसाळ्यात मात्र एक खोट उघड झाली. सोबत आलेल्या कंट्रोलरमध्ये घड्याळ नव्हते. वीज आल्या क्षणापासून दर सहा तासांनी तो डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची फेरी, लावत असे. वीज कधी पहाटे जायची, कधी सकाळी सातला, आणि सातला जाऊन लगेच परत आली की डीफ्रॉस्ट नेमका दुपारी एकला, जेवणाच्या ऐन गर्दीत पडायचा. विक्रेत्याच्या लेखी ही तक्रारच नव्हती. अखेर घड्याळ आणि बॅटरी असलेला कंट्रोलर स्वतःच्या खर्चाने बसवला आणि डीफ्रॉस्टच्या वेळा पहाट, सकाळ, दुपारची विश्रांती आणि रात्र अशा बांधून दिल्या. तेव्हापासून कॉइलवर बर्फाचा थर साचलेला नाही. जो कोणी नवी यंत्रणा घेणार असेल, त्याने ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. किमतीतला फरक अगदी किरकोळ असतो.

त्याच काळात नारळाची झावळी तारांवर पडून एक फेज गेला होता. फेज प्रिव्हेंटरने, म्हणजे एखादा फेज गेला की वीज तोडणाऱ्या उपकरणाने, यंत्र लगेच बंद केले आणि वीज सुरळीत झाल्यावर काही मिनिटांच्या विलंबानेच ते पुन्हा सुरू झाले. जुन्या यंत्रणेत हे उपकरण कोणीतरी वायर टाकून बायपास केलेले होते, हे काढताना दिसले. अनेक हॉटेलांत तसेच असते, कारण ते वारंवार तोडते म्हणून मेकॅनिकच ते निकामी करतो.

विजेसाठी वेगळा सबमीटर लावला आहे. जुनी यंत्रणा उन्हाळ्यात दिवसाला पन्नासच्या आसपास युनिट घेत असे. नवी तेवढ्याच उकाड्यात तीस-बत्तीस घेते आणि पावसाळ्यात पंचविसाच्या आत राहते. सर्व मिळून खर्च पावणेतीन लाखांच्या घरात गेला. केवळ विजेच्या बचतीतून तो वसूल व्हायला साधारण तीन वर्षे लागतील. बर्फाची आणि वाया जाणाऱ्या मालाची बचत धरली तर त्याहून लवकर, पण त्याचा काटेकोर हिशेब मी ठेवलेला नाही.

दोन तक्रारी अजून शिल्लक आहेत. बाहेरच्या पंख्याचा आवाज रात्री मागच्या बाजूच्या निवासाच्या खोल्यांत ऐकू येतो. रबरी पाय घालून कंप कमी झाला, वाऱ्याचा आवाज नाही. पंख्याचा वेग बाहेरच्या तापमानानुसार कमी करणारे उपकरण मिळते, ते सुरुवातीलाच घ्यायला हवे होते असे आता वाटते. दुसरी तक्रार आतल्या कॉइलच्या पाण्याच्या नळीची. तिला उतार कमी मिळाल्याने शेवाळ धरते आणि तबक भरून पाणी क्रेटवर ठिबकते. नळी काढून पुन्हा बसवण्याचे काम येत्या बंदीत करायचे ठरले आहे.

वार्षिक देखभालीचा करार मी केला नाही. मिळालेल्या मसुद्यात गॅस, कॉम्प्रेसर आणि इलेक्ट्रॉनिक भाग वगळलेले होते. म्हणजे उरली ती कॉइलची धुलाई, आणि ती आमचा मुलगाच करतो. त्याऐवजी कुडाळच्या एका मेकॅनिकाशी दर भेटीचे ठरावीक पैसे आणि हंगामात चार तासांत येण्याची अट असा लेखी व्यवहार केला आहे. प्रत्येक भेटीत त्याने दाब आणि अँपिअर त्या पहिल्या कागदाखाली लिहायचे, हीदेखील त्यातलीच एक अट आहे.