पाकिटावर २५ किलो, हातात सरळ झालेली तार: ल्युअरच्या स्नॅपमधली फसवणूक

मासा सुटला की पहिली शिवी गाठीला बसते. ती देण्याआधी लाइन गुंडाळून टोक डोळ्यांजवळ धरावं, कारण खरा दोष कुणाचा ते तिथेच दिसतं. टोक स्प्रिंगसारखं वेटोळं झालं असेल तर गाठ सरकली. टोकाच्या आधीची वीतभर लाइन पिंजलेली, खरखरीत लागली तर ती दगडावर घासून तुटली. सुरीने कापल्यासारखं असेल तर माशाचे दात किंवा एखादी धारदार कडा. आणि लाइन शाबूत, गाठ शाबूत, गाठीत स्नॅपही (लाइनीला ल्युअर, म्हणजे नकली आमिष, जोडणारी तारेची उघडझाप कडी) आहे, पण त्याचं कुलूप सुटून तार सरळ झालेली आणि ल्युअर गायब, असं असेल तर खुशाल समजा की फसवणूक झाली ती दुकानातच, पाण्यावर फक्त ती उघडकीला आली.

या फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. शंभर-दोनशे नगांची डबी, झाकणावर ‘स्टेनलेस’, ‘२५ किलो’, आणि विकणाऱ्याचं पालुपद: गाठीची कटकट संपली, कुठल्याही ल्युअरला हाच लावा. यात तीन खोट्या गोष्टी आहेत. आकडा खोटा, धातू खोटा आणि सल्ला खोटा. पहिल्या दोन घरबसल्या पकडता येतात. तिसरी जास्त नुकसान करते, कारण अस्सल स्नॅप हातात असला तरी ती ल्युअरची चाल मारून टाकते, आणि त्याची भरपाई कुणी देत नाही.

आधी आकडा. सगळ्यात साधी लबाडी म्हणजे पौंडाचा आकडा किलो म्हणून छापायचा. २५ पौंड म्हणजे जेमतेम ११ किलो. डबीवरचं एक अक्षर बदललं की ताकद दुपटीहून जास्त ‘वाढते’. आकडा खरा असला तरी तो कसा मोजला हा प्रश्न उरतोच. स्नॅप जाड खिळ्यात अडकवून सरळ रेषेत ओढला तर तो बराच भार घेतो. पाण्यात मात्र मासा उसळी मारतो, डोकं झटकतो, ल्युअरची कडी स्नॅपच्या बाकातून घसरून कुलपाच्या बाजूला येते आणि ओढ आडवी बसते. त्या वेळी छापील आकड्याचा काही भागच कामाला येतो.

दुसरी लबाडी तारेच्या जाडीत. फोटोत स्नॅप तळहाताएवढा दिसतो, त्यामुळे तार ०.७ मिलिमीटरची आहे की ०.८ ची हे कळायला मार्ग नाही. फरक क्षुल्लक वाटतो, पण तारेची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच पोलादाची, त्याच आकाराची ०.८ ची तार ०.७ पेक्षा सुमारे दीडपट ताकदीची. व्हर्नियर कॅलिपर असेल तर डबी आल्या आल्या दोन-तीन नग मोजावेत. ‘साइज १’, ‘साइज २’ या क्रमांकांवर भरवसा ठेवू नये. हे क्रमांक सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. स्विव्हलमध्ये, म्हणजे भोवरकडीत, क्रमांक वाढला की माल बहुधा लहान होतो, आणि अनेक स्नॅपमध्ये नेमकं उलट. मिश्र डब्या विकणाऱ्यांचं इथेच फावतं: निम्मे नग इतके मोठे की ल्युअरला लावायच्या लायकीचे नाहीत, आणि नगांची संख्या मात्र पूर्ण.

ताकद तपासायला सामान भरायच्या बॅगांचा लटकता काटा पुरतो. ल्युअरच्या कडीइतक्याच जाडीच्या तारेचं भक्कम बंद कडं करून ते काट्याला अडकवा, कड्यात स्नॅप लावा, स्नॅपच्या दुसऱ्या टोकाला जाड दोरी बांधा आणि सावकाश ओढत जा. प्रत्यक्ष ल्युअर वापरू नका. तार सुटली की गळ उडून हातात घुसतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. बघायचं असतं ते कुलूप हलायला कधी लागतं ते, तार कधी तुटते ते नव्हे. जिथे बाकाचं टोक आपल्या खाचेतून सरकायला लागलं, तो त्या स्नॅपचा खरा आकडा. काटा नसेल तर बादली टांगून लिटर लिटर पाणी ओतावं, १ लिटरला १ किलो, वर बादलीचं वजन. बादली जमिनीपासून चार बोटंच उचललेली असावी. एका नगावर निकाल देऊ नका, तीन तरी घ्या. नकली मालाची खूण अशी की एक ९ किलोला सुटतो, दुसरा ५ ला आणि तिसरा १२ ला. हा विस्कळीतपणा कमी आकड्यापेक्षाही वाईट, कारण त्यावर काही हिशोबच बांधता येत नाही.

हिशोब असा की ड्रॅग, म्हणजे रीळ ज्या ओढीला लाइन सोडतं तो ब्रेक, साधारणपणे लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. १० किलोच्या लाइनला अडीच ते सव्वातीन किलो. मग ५ किलोचा स्नॅप का चालू नये, असं कुणी विचारेल. लाइनच्या स्पूलवर अंगठा दाबला, मासा रॉडच्या अगदी खाली आला किंवा ल्युअर लाकडात अडकली की ड्रॅगचा आकडा बाजूला राहतो आणि सगळा झटका टोकावर जातो. म्हणून स्नॅपची मोजलेली ताकद लाइनच्या ताकदीएवढी तरी हवी.

धातूच्या बाबतीत लोहचुंबकाची परीक्षा फार सांगितली जाते, आणि ती दोन्हीकडून फसवते. ३०४ जातीचं स्टेनलेस मुळात चुंबकाला चिकटत नाही, पण थंड अवस्थेत ओढून तार केली की थोडंफार चिकटायला लागतं. स्नॅपची तार अशीच केलेली असते. त्यामुळे चिकटला म्हणून खोटा ठरत नाही, आणि पितळेवर निकेलचा मुलामा दिलेला माल अजिबात चिकटला नाही म्हणून स्टेनलेस ठरत नाही. त्यापेक्षा मीठ विश्वासू. १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, साधारण समुद्राइतकं खारट. स्नॅपवर कानशीने एक ओरखडा काढून तो अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असा दोन दिवस ठेवा. मुलामा दिलेलं साधं पोलाद असेल तर ओरखड्यावर तांबडा गंज धरतो, आणि पितळ असेल तर ओरखड्यातून पिवळा रंग लगेच डोकावतो. काळा रंग दिलेल्या स्नॅपला ही परीक्षा आवर्जून करावी. रंगाखाली काहीही खपतं.

स्विव्हलसकट येणाऱ्या स्नॅपमध्ये अजून एक खोट असते. ‘बॉल बेअरिंग’ म्हणून विकलेला नग आतून साधा, बिनबेअरिंगचा बॅरल स्विव्हल निघतो. हातात दोन्ही भिरभिर फिरतात, फरक भाराखाली कळतो. खाली १ किलो वजन टांगा आणि वरच्या दोरीला पीळ द्या. खरं बेअरिंग भार असतानाही पीळ सोडतं. साधा बॅरल अडून बसतो आणि पीळ दोरीतच राहतो.

हे सगळं पाण्यावर जाण्याआधी करायचं, कारण परत करायला गेलं की उत्तर तयार असतं: माल वापरलेला आहे. डबी फोडताना व्हिडिओ घ्यावा, तपासलेले नग वेगळे ठेवावेत, बाकीच्या नगांना हात लावू नये. ऑनलाइन अभिप्रायांवर तर विसंबूच नये. ‘छान, चकचकीत, वेळेवर आले’ हे डबी हातात पडल्याच्या दिवशी लिहिलेलं असतं, तेव्हा त्या स्नॅपने पाणी पाहिलेलंही नसतं.

आता तो सल्ला: सगळ्यांना स्नॅप. गाठ फुकट असते, त्यामुळे तिची जाहिरात कुणी करत नाही.

स्नॅपची खरी जागा क्रँकबेट, मिनो, जर्कबेट या माशासारख्या पोहणाऱ्या ल्युअरच्या नाकात. या ल्युअर डोलतात, आणि डोलायला नाक मोकळं हवं. कडीवर थेट आवळलेली गाठ एका बाजूला सरकून बसली की ल्युअर तिरकी पळते आणि माणूस उगाच कडी वाकवून दुरुस्त करत बसतो. इथे स्नॅप हवा तोही गोल बाकाचा. टोकाकडे निमुळता होत गेलेला स्नॅप कडीला कोपऱ्यात चिमटून धरतो आणि मग आवळलेल्या गाठीत आणि त्याच्यात फरक राहत नाही. ल्युअरला कारखान्यातूनच स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची) असेल तर रिंग काढून स्नॅप लावा, नाहीतर रिंगलाच गाठ मारा. दोन्ही एकापुढे एक लावून नाकावर लोखंड वाढवण्यात अर्थ नाही. रिंगला गाठ मारली तर ती रिंगच्या फटीपासून दूर बसवा. तारेचं कापलेलं टोक बारीक लाइन सुरीसारखी कापतं.

पाण्यात मध्येच स्थिर राहणाऱ्या जर्कबेटला मात्र सावध राहावं. तिचा तोल ग्रॅमच्या अंशात साधलेला असतो. स्वच्छ पाण्याच्या टबात आधी नुसती ल्युअर सोडून बघा, मग स्नॅप लावून. नाक खाली झुकून ती बुडायला लागली तर स्नॅप लहान घ्या किंवा फासाची गाठ (कडीत मोकळा फास ठेवणारी, पुढे दिली आहे) मारा. ५ ग्रॅमच्या आतल्या सगळ्याच ल्युअरना हे लागू आहे. पृष्ठभागावर आवाज करणाऱ्या पॉपरचंही तसंच: नाकावर जड स्नॅप बसला की तोंड पाण्याखाली जातं आणि ‘पॉप’ आवाजाऐवजी नुसता बुडबुडा येतो. डाव्या-उजव्या झोकाने चालणाऱ्या पेन्सिल ल्युअरला लहान स्नॅप चालतो, फास त्याहून बरा, आवळलेली गाठ मुळीच नको.

फास सरकणार नाही अशी गाठ मारायला दोन मिनिटं लागतात. टोकापासून वीतभर मागे एक सैल साधी गाठ घ्या, पूर्ण आवळू नका. टोक ल्युअरच्या कडीतून नेऊन, ज्या बाजूने त्या सैल गाठीतून बाहेर आलं त्याच बाजूने परत आत घाला. मग मुख्य लाइनीभोवती वेढे: बारीक लाइनला ७, मध्यमला ५, जाडला ४. टोक पुन्हा त्याच बाजूने सैल गाठीतून काढा, थुंकीने ओली करा आणि हळू आवळा. फास ५ ते ८ मिलिमीटरचा पुरे. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने लाइन तिथेच अशक्त होते. फ्लुओरोकार्बन लाइनला हे जास्तच जाचतं.

जिग (शिशाच्या डोक्याचा गळ), टेक्सस रिग (गळाचं टोक आमिषात लपवलेली जुळणी), ड्रॉप शॉट (खाली शिसं, वर गळ), मऊ प्लास्टिक या सगळ्यांना थेट गाठ, चर्चा नको. शेवाळ आणि गवत स्नॅपच्या कुलपात अडकतं, तळ चाचपताना हाताला येणारी जाणीव मंदावते, आणि जिग गाठीच्या जोरावर जी आडवी लटकते ती स्नॅपमध्ये मान टाकते. ड्रॉप शॉटचा गळ तर लाइनीपासून काटकोनात उभा राहायला हवा. ते पालोमार गाठीचंच काम. उघड्या बाकाच्या स्पिनरबेटला (वाकवलेल्या तारेवर फिरतं पातं असलेली ल्युअर) स्नॅप लावला की तो बाकातून सरकत वरच्या दांड्यावर चढतो आणि ल्युअर उलटी फिरते. इथे ‘ल्युअरच खराब निघाली’ म्हणून ती टाकून दिली जाते, आणि स्नॅप मात्र पुढच्या ल्युअरवर जातो.

चमचा (धातूच्या पत्र्याची ल्युअर) आणि इनलाइन स्पिनर (सरळ तारेभोवती पातं फिरणारी) यांचा आजार वेगळा: ते लाइनीला पीळ भरतात. नुसता स्नॅप तो पीळ थांबवत नाही, त्याला चांगला स्विव्हल लागतो, आणि तो ल्युअरच्या नाकाला खेटून लावण्यापेक्षा ४५ ते ६० सेंटिमीटर वर लावलेला बरा.

अस्सल स्नॅपही निष्काळजीपणाने फसवतो. ल्युअर पटकन बदलता येते, पण त्या नादात दिवसभर एकाच गाठीवर मासेमारी होते. गाठ स्नॅपला असली तरी ती गाठच आहे. दर मोठ्या माशानंतर शेवटची अर्धा मीटर लाइन नखावरून ओढून बघा आणि खरखर लागली की तेवढी कापून नव्याने बांधा. पातळ ब्रेडेड (विणलेली) लाइन थेट स्नॅपला बांधू नका, ती दुमडलेल्या तारेच्या फटीत शिरून कापली जाते. मध्ये हातभर लीडर, म्हणजे जाड एकपदरी लाइनचा तुकडा, हवा. कुलूप लागेल तेवढंच उघडा. एकदा सरळ झालेली तार पक्कडीने वळवून पुन्हा वापरली तर ती दुसऱ्यांदा त्याच वळणावर जाते, आणि तेव्हा वाकण्याऐवजी तुटू शकते.

फसून घेतलेली डबी फेकायची मात्र गरज नाही. तळाला शिसं सोडायच्या रिगमध्ये शिसं अडकवायला हे कमकुवत स्नॅप उत्तम. शिसं दगडांत रुतलं आणि जोर लावला की स्नॅप उघडतो, शिसं जातं, लाइन आणि गळ परत येतात. फक्त त्या डबीवरचा ‘२५ किलो’ खोडून आपण मोजलेला आकडा लिहावा, नाहीतर सहा महिन्यांनी घाईत हात त्याच डबीत जातो.