तिकीट माफ करायचं, सवलत द्यायची की फेऱ्या वाढवायच्या?

बससेवेसाठी हाताशी ठरावीकच निधी आहे आणि तो गरीब वस्त्यांच्या उपयोगी पडावा असं वाटत असेल, तर आधी थांब्यावर उभं राहून बघा. लोक बस टाळतात ते तिकिटामुळे, की बसच येत नाही म्हणून?

दुसरं कारण असेल तर पैसा फेऱ्यांवर घाला. दर 30 मिनिटांनी बस म्हणजे सरासरी 15 मिनिटं ताटकळणं. दर 10 मिनिटांनी असेल तर 5. पण जाऊन-येऊन 60 मिनिटं लागणाऱ्या मार्गावर त्यासाठी 2 ऐवजी 6 गाड्या लागतात, चालकही तिप्पट. एवढं झेपत नसेल तर निदान पहिली बस पहाटे लवकर सोडा आणि शेवटची रात्री उशिरा. सफाई कामगार आणि रात्रपाळीवाले नेमके तिथेच अडकतात.

कारण तिकीट असेल, तर सरसकट मोफत प्रवास राबवायला सगळ्यात सोपा: अर्ज नाही, तपासणी नाही, सगळ्या दारांतून चढता येतं. लक्झेंबर्गने 2020 मध्ये देशभर तो केला. मात्र तुमच्या एकूण खर्चात तिकिटाचा वाटा किती, यावर सगळं अवलंबून आहे. वाटा नगण्य असेल तर जरूर करा. मोठा असेल तर ती रक्कम दरवर्षी कुठून तरी भरावी लागेल. बेल्जियमच्या हासेल्टमध्ये 1997 ला तिकीट माफ करताना फेऱ्याही भरपूर वाढवल्या होत्या, दोन्ही मिळून प्रवासी वाढले. खर्च पेलेना तेव्हा 2013 मध्ये बहुतेकांना पुन्हा तिकीट लागू झालं.

उत्पन्नानुसार सवलतीत पैसा नेमक्या माणसाकडे जातो, पण कागदावर. रोजंदारीवाल्याकडे उत्पन्नाचा दाखला नसतो आणि दरवर्षीच्या नूतनीकरणात पात्र माणसंही गळतात. दुसऱ्या योजनेत पडताळणी झालेल्यांना नवा अर्ज न मागता सवलत द्या, मुदत दोन वर्षांची ठेवा.

आमची पसंती मात्र कमाल भाड्याच्या मर्यादेला: ठरावीक रक्कम भरून झाली की त्या मुदतीतला पुढचा प्रवास फुकट. समजा मासिक पास 40 फेऱ्यांच्या भाड्याइतका आहे. महिन्याला 50 फेऱ्या करणाऱ्याकडे एकरकमी पैसे नसले की तो सुटी तिकिटं काढतो, म्हणजे पासवाल्यापेक्षा 10 फेऱ्यांचं भाडं जास्त भरतो! मर्यादा लावली की 41व्या फेरीपासून पुढे आपोआप फुकट. लंडनमध्ये 2005 पासून ऑयस्टर या प्रवास-कार्डावर अशी दैनिक मर्यादा आहे.

ही पद्धत बिघडते ती कार्डापाशी. सकाळी बसमधल्या यंत्राला मोबाइल टेकवला, संध्याकाळी कार्ड, तर दोन वेगळे हिशोब होतात. रोख भरणारा तर मोजलाच जात नाही. म्हणून कार्ड अनामत रकमेशिवाय द्या आणि त्यात रोखीने भरणा कोपऱ्यावरच्या दुकानातही होऊ द्या.

आणि गाडी बदलल्यावर दुसरं तिकीट फाडू नका. एक तिकीट किती वेळ चालेल हे ठरवताना पुढची बस किती वेळाने येते ते बघा: ती 40 मिनिटांनी येत असेल, तर पहिल्या चढण्यापासून मोजलेला एक तास वाट बघण्यात आणि रहदारीतच संपतो.