नवे शाफ्ट म्हणून जुने पाइप: गोल्फच्या 'कस्टम फिटिंग'मधली फसवणूक

हॉटेलचा हॉल दोन दिवस भाड्याने घेऊन, लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवून कुणी तुमच्या गोल्फच्या काठ्यांचे शाफ्ट, म्हणजे मूठ आणि हेड यांच्यामधल्या दांड्या, 'तुमच्या मापाचे' करून देतो म्हणत असेल, तर काठ्या त्याच्या गाडीत ठेवण्याआधी हे वाचा. माझे ₹ २९,४०० गेलेत. तक्रार चालू आहे, म्हणून त्या माणसाचं आणि त्याच्या दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्याने नेमकं काय केलं ते सगळं लिहिते, कारण वरून बघून ते कुणालाच कळण्यासारखं नाही.

कोल्हापूर आणि गोल्फ म्हटलं की लोक आधी हसतात. इथं खेळ म्हणजे कुस्ती, नाहीतर शाहू स्टेडियमवरचा पेठांचा फुटबॉल. तरी कारखानदारांत आणि लष्करातून निवृत्त झालेल्यांत गोल्फची आवड असलेले लोक आहेत. माझं शिरोलीत छोटं मशिन शॉप आहे. शेडच्या मागे जाळी बांधून सराव करते आणि जमेल तसं पुण्याला जाऊन खेळते. काठ्या धाकट्या दिरांच्या. त्यांनी नवा सेट घेतला आणि जुना मला दिला, "वहिनी, लांबी तेवढी कमी करून घ्या" म्हणाले. माझी उंची पाच फूट दोन इंच. पुरुषांची ३७ इंची सात नंबरची आयर्न (धातूच्या चपट्या हेडची काठी) माझ्या हातात आली की एक तर मी टाचेवर जाते, नाही तर हेडचं टोक हवेत राहतं.

अंगाला बसवून घेणं ही चैन नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलचं कांस्यपदक आणलं. त्या खेळात रायफलचा दस्तासुद्धा नेमबाजाच्या खांद्याला आणि गालाला जुळवून घेतात. गोल्फमध्ये ते काम शाफ्टवर होतं, आणि फसवायला जागाही तिथंच मिळते. शाफ्टचं एक टोक ग्रिपखाली झाकलेलं, दुसरं हेडच्या नळीत, म्हणजे हॉझेलमध्ये, इपॉक्सीने चिकटवलेलं. मधे दिसतो तो फक्त चकचकीत पाइप आणि त्यावरचा कंपनीचा पट्टा.

फिटरने सुरुवात अगदी रीतसर केली, हे मान्य करायला हवं. बूट घालून सरळ उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली. नुसत्या उंचीवर लांबी ठरवत नाहीत, हात किती लांब आहेत तेही बघावं लागतं, हे त्याचं बरोबरच होतं. मग म्हणाला, "मॅम, एक इंच कमी करू. आणि हे शाफ्ट तुमच्यासाठी जड आहेत. ९५ ग्रॅमचे हलके स्टील घालू, रेग्युलर फ्लेक्स." फ्लेक्स म्हणजे शाफ्ट किती लवतो ते. कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं: पाच नंबर ते पिचिंग वेज असे सहा नवे शाफ्ट प्रत्येकी ₹ ३,२००, टिप ट्रिमिंग ₹ ४००, टंगस्टनने स्विंगवेट जुळवणं ₹ ६००, ग्रिप ₹ ७००. पैसे यूपीआयने आगाऊ. जीएसटी नंबरचं बिल "काम झाल्यावर" मिळणार होतं. ते अजून यायचंय.

यातले दोन शब्द समजल्याशिवाय पुढची चोरी कळणार नाही. शाफ्ट दोन बाजूंनी कापता येतो. ग्रिपच्या बाजूने, म्हणजे बटकडून कापला की मुख्यतः लांबी कमी होते. हेडच्या बाजूने, म्हणजे टिपकडून कापला की शाफ्ट जास्त ताठ होतो. आयर्नच्या शाफ्टची टिप दोन प्रकारची असते. 'पॅरलल' टिप सरळ असते, व्यास ०.३७० इंच. ती सगळ्या नंबरांना एकाच लांबीची येते आणि प्रत्येक पुढच्या नंबरला टिपकडून साधारण अर्धा इंच जास्त कापावी लागते. 'टेपर' टिप टोकाकडे निमुळती असते, टोकाशी ०.३५५ इंच. ती प्रत्येक नंबरसाठी वेगळ्या लांबीची बनते आणि टिपकडून कापायचीच नसते. कापली तर निमुळतेपणाच बिघडला. माझ्या हेडचं भोक ०.३७० चं, म्हणून पॅरलल शाफ्ट आणि म्हणून टिप ट्रिमिंगचा चार्ज. कागदावर सगळं चोख.

वजनाचंही तसंच. काठी हातात घेतल्यावर हेड किती जड भासतं त्याचं माप म्हणजे स्विंगवेट. ते अक्षर आणि आकडा असं लिहितात. लांबी अर्धा इंच कमी केली की ते साधारण तीन अंकांनी उतरतं. शाफ्ट नऊएक ग्रॅमने हलका झाला की आणखी एक अंक जातो. उलट हेडकडे दोन ग्रॅम घातले की एक अंक चढतो. माझ्या काठ्या डी-१ वर होत्या (डी-० च्या खाली सी-९ येतं). इंचभर कापल्यावर सहा अंक आणि हलक्या शाफ्टचे तीनेक धरले तर त्या सी-२ वर येणार, हातात पोकळ वाटणार. प्रत्येक हेडला १२ ग्रॅम घालून सी-८ वर आणतो, असं त्याचं गणित होतं. हिशेब बरोबर होता. नुसता थापाड्या असता तर मी त्याच वेळी उठून आले असते. याला विद्या येत होती, आणि तिच्याच जोरावर त्याने टोपी घातली.

काठ्या कुरिअरने आल्या तेव्हा नव्या ग्रिप, नवे पट्टे, दिसायला झकास. मारायला घेतल्या आणि हात झिणझिणायला लागले. चेंडू खालून जायचा. फोन केला तर म्हणाला, "नवीन शाफ्टची सवय व्हायला वेळ लागतो मॅम." मग सात नंबर हलवली की आतून खुळखुळ यायला लागली. फेरूल, म्हणजे हेड आणि शाफ्टच्या जोडावरची काळी प्लॅस्टिकची कडी, केसभर वर सरकलेली दिसली. एका संध्याकाळी जाळीत फटका मारला आणि हेड हॉझेलमध्येच फिरलं. सुटून उडालं असतं तर जाळीमागे मालाचा टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर टपावर चढून ताडपत्री बांधत होता.

काठी उद्यमनगरात आमच्या जुन्या टर्नरकडे नेली. गोल्फ त्यांनी टीव्हीवरसुद्धा बघितलेला नाही. हॉझेलला जरा गॅस दाखवला, फडक्यात धरून हेड ओढलं, ते सहज हातात आलं. त्यांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, लावला आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, भोक नऊ चाळीस हाय आणि पाइप नऊ शून्य दोन. असं बसवत्यात व्हय कुठं?" ९.४० मिलिमीटर म्हणजे ०.३७० इंच, आणि ९.०२ म्हणजे ०.३५५. पॅरलल म्हणून पैसे घेऊन टेपर शाफ्ट घातला होता. टेपर शाफ्ट मोठ्या भोकात बसवायची रीतसर पद्धत आहे, त्यासाठी पितळेची पातळ शिम, म्हणजे फट भरणारी नळी, मिळते. इथं तीही नाही, नुसती इपॉक्सी भरलेली. खुळखुळ वाजत होते ते तिचेच कण.

म्हणजे टिप ट्रिमिंगचे ₹ २,४०० ज्या कामाचे घेतले, ते काम या शाफ्टवर करायचंच नसतं. त्याचं कोटेशनच त्याला खोटं पाडत होतं.

टिपच्या पोकळीत टंगस्टनची बारीक कांडी हवी होती. टंगस्टन शिशापेक्षा बरंच जड, घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, त्यामुळे १२ ग्रॅमची कांडी अगदी छोटी होते. मी बॅटरी मारून आत बघितलं. आरपार उजेड.

टर्नर मिस्त्रींनी नखाने पट्टा खरवडला तर तो स्टिकर निघाला. खाली जुन्या पट्ट्याची फिकट सावली होती आणि तिच्यात इंग्रजी 'एस' वाचता येत होता. एस म्हणजे स्टिफ. मला सांगितला होता रेग्युलर. ग्रिप उभी चिरून काढली तर बटवर जुन्या टेपचे दोन वेगवेगळे थर. "ह्यो पाइप नवा न्हाई," मिस्त्री म्हणाले. ते एव्हाना मलाही दिसत होतं.

नागडा शाफ्ट घेऊन गुजरीत ओळखीच्या सराफांकडे गेले. आमच्या शॉपमधल्या काट्यावर किलोचा माल मोजतो, एकेका ग्रॅमचा भरवसा नाही. सराफ म्हणाले, "वहिनी, चांदीची का?" तोल साधून शाफ्ट काट्यावर आडवा ठेवला. ११२ ग्रॅम. ९५ ग्रॅम हे न कापलेल्या शाफ्टचं वजन असतं. इंचभर कापल्यावर ते कमीच व्हायला हवं. त्या काट्याचा फोटो आज माझ्या तक्रारीत पहिल्या पानावर आहे, कारण तो समजायला गोल्फ यावं लागत नाही.

राहून राहून वाटायचं, याने मलाच का गाठलं? नंतर उलगडलं. कुणी उंच माणूस नवे शाफ्ट बसवून घेतो तेव्हा त्याचे जुने निघालेले फिटरकडेच पडून राहतात. ते आधीच नेहमीच्या लांबीला कापलेले असतात, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला ते खपवता येत नाहीत. पण ज्याला इंचभर आखूड काठी हवी आहे त्याला बटकडून थोडे कापून बिनबोभाट बसतात. म्हणजे हा जुना माल खपतो तो बायका, वाढत्या वयाची मुलं आणि कमी उंचीच्या लोकांकडे. याच लोकांना सांगितलेलं असतं की जड वाटलं, हात दुखला तर तुमची ताकद कमी पडतेय.

त्याला व्हर्नियरचे फोटो पाठवले तेव्हा आधी म्हणाला, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवल्या असतील, उष्णतेने इपॉक्सी सुटते. सुटते हे खरं आहे, पण उन्हाने ०.३७० चा ०.३५५ होत नाही. मग म्हणाला, कारागिराची चूक झाली, सेट परत पाठवा. मी पाठवला नाही. पुरावा त्याच्या हातात कशाला देऊ? नंतर फोन उचलणं बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली तेव्हा स्वतःहून फोन आला: अर्धे पैसे देतो, फोटो कुणाला दाखवू नका. नाही म्हटलं.

आता प्रकरण ग्राहक आयोगात आहे. लोक दोन गैरसमजांमुळे गप्प बसतात, म्हणून सांगते. दुकान परगावचं असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. आणि तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

आमच्या धंद्यात कास्टिंग मशिनिंगला बाहेर जातं तेव्हा चलनावर नग आणि वजन लिहिलेलं असतं, आणि माल परत येताना पुन्हा वजन होतं. यात कुणाला अपमान वाटत नाही. काठ्यांना तेच लावा. देण्याआधी प्रत्येक काठी ग्रॅममध्ये मोजून आकडा फिटरच्या सहीने घ्या. नवा शाफ्ट न कापलेला, पट्ट्यासकट समोर मोजायला सांगा. पॅरलल की टेपर हे कोटेशनवर लिहून घ्या. टिप ट्रिमिंगचे पैसे लावले असतील तर कापलेले तुकडे परत मागा. प्रत्येक नंबरचा तुकडा आधीच्यापेक्षा अर्धा इंच मोठा असायला हवा, आणि असे वेगवेगळ्या लांबीचे सहा खोटे तुकडे आणून द्यायचे तर त्याला तेवढा खरा शाफ्ट कापावा लागेल. स्टीलच्या बहुतेक शाफ्टवर पायऱ्या, म्हणजे जाडी बदलते तिथल्या कडा, असतात, तिथंही पट्टी लावा: फेरूलपासून पहिल्या पायरीपर्यंतचं अंतर नंबरागणिक सारख्याच फरकाने बदलत जायला हवं. माझ्या सहा, सात आणि आठ नंबरचं एकच आलं, नऊ नंबरचं भलतंच. स्विंगवेटचा काटा फिटरकडे नसेल तर तो वजन कशाने जुळवणार, हेही विचारा. माझ्यासमोर त्याने तो एकदाही काढला नव्हता, आणि ते कोटेशनच्या सहाशेंत झाकलं गेलं.

ग्रॅफाइटचे शाफ्ट असतील तर आणखी जपा. ते काढताना सरळ रेषेत ओढणारा पुलर लागतो. गरम करून पिळले तर आतले धागे तुटतात आणि वरून रंग शाबूत राहतो.

याच हिवाळ्यात कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे कुणी हॉटेलातल्या फिटरकडून शाफ्ट बदलून घेतले असतील, तर पट्ट्याची कड नखाने उचलून बघा. स्टिकर निघाला तर स्वतः हेड ओढू नका, फिटरला परत पाठवू नका. दोन साक्षीदारांसमोर एखाद्या टर्नरकडून काढून घ्या, मापाचे फोटो काढा, व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन पुसू नका. माझा सात नंबरचा शाफ्ट, चिरलेली ग्रिप आणि हेड शिरोलीत शॉपमध्ये कपाटात आहे. ज्याला स्वतःचा ताडून बघायचाय त्याने व्हर्नियर आणायची गरज नाही, तो आमच्याकडे आहे.